तुम्ही विचारलंत म्हणून: नववीच्या मध्यावर मुलीचा गणिताचा क्लास का सोडला?

सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, पालकसभेनंतर शाळेच्या फाटकापाशी मला हाच प्रश्न विचारला जातो: दहावी तोंडावर आली असताना मुलीला एवढ्या नावाजलेल्या क्लासमधून काढून घरी येणाऱ्या एका बाईंकडे गणितासाठी का बसवले? दोन वाक्यांत दिलेले उत्तर कोणालाच पटत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पैसे वाचवण्यासाठी हे केलेले नाही. एकटीची शिकवणी तासागणिक क्लासपेक्षा महाग पडते. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, पण माझा निर्णय त्यामुळेही झालेला नाही. शाळेतल्याच सरांना का विचारले नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगते की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही आणि त्यांना आडमार्गाने गळ घालणे मला पटले नाही.

एका रविवारी संध्याकाळी ती बहुपदींचा गृहपाठ करत बसली होती. वही देखणी होती. प्रत्येक पायरी लिहिलेली, उत्तराभोवती चौकट, खाली क्लासच्या सरांची लाल सही. एका उदाहरणाचे उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळेना, तेव्हा मी बाकी सगळे झाकून फक्त उणे तीन वजा पाच किती, एवढेच विचारले. तिने क्षणभरही न थांबता अधिक आठ लिहिले. का, असे विचारल्यावर म्हणाली, "मायनस मायनस प्लस." गुणाकाराचा नियम ती बेरीज-वजाबाकीलाही लावत होती. मी कागदावर संख्यारेषा काढली, उणे तीनवर बोट ठेवून पाच घरे डावीकडे जायला सांगितले. बोट उणे आठवर थांबले. तिने रेषेकडे पाहिले, स्वतःच्या उत्तराकडे पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. "आई, हे मला सातवीपासून कळत नाही. पण सगळे पुढे जायचे, मग मीपण फळ्यावरचं उतरवून घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी क्लासच्या संचालकांना भेटले. ते नीट बोलले, तक्रार करण्यासारखे काही नव्हते. नववीचा पोर्शन लवकर संपवून सुट्टीत दहावी सुरू करायची असते, एकीसाठी सातवीचे घेत बसलो तर बाकीचे पालक जाब विचारतील, असे त्यांनी सांगितले आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असतील. पण दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. त्यात निश्चयकाची पद्धत येते, म्हणजे तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, आणि त्यातली एखादी संख्या ऋण निघाली की मुलगी पुन्हा तिथेच अडणार. सुट्टीत दहावी सुरू करून हे कसे सुटणार होते, ते मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

बाईंनी सुरुवातीला नववीचे पुस्तक उघडलेच नाही. पूर्णांक, अपूर्णांक, कंस सोडवणे, बस्स. त्या काळातल्या घटक चाचणीत तिचे गुण आणखी खाली आले, हे मी लपवत नाही, आणि तो कागद पाहून माझाही धीर सुटला होता. वर्षभरापूर्वीची मी तेव्हा मनात बोलायला लागते: दहावीला भाग एक आणि भाग दोन असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर दोन-दोन तासांत लिहायचे असतात, तो वेग क्लासच्या चाचण्यांनीच येतो, शिवाय मैत्रिणी तिथे आहेत आणि ही घरात एकटी बसते. यातले एकही म्हणणे मला खोडता येत नाही. वेगाने लिहायला आधी काही कळलेले असावे लागते, एवढे मी म्हणते, पण त्याने ती गप्प बसत नाही.

मे महिन्यात पुन्हा क्लास लावायचा का, यावर घरात एकमत नाही. बाई थांबायला सांगतात, तिचे बाबा नुसती टेस्ट सिरीज लावू म्हणतात. तिला विचारले तर म्हणाली, टेस्ट सिरीज चालेल, पण मागच्या वर्गातली शंका विचारली तर चालेल का, ते आधी विचारून ये.