लॉडविक पॉइंट: दोनशे वर्षांपूर्वीच्या पायवाटेवर

महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट मी याआधी दोनदा पाहिला होता. पाहिला म्हणायचं एवढंच. पहिल्यांदा गाडीवाल्याने दहा मिनिटांत परत बोलावलं, दुसऱ्यांदा जुलै होता आणि धुक्यात समोरचा स्तंभसुद्धा दिसेना. म्हणून यंदा डिसेंबरात ठरवलं, गाडी करायची नाही. चालत जायचं आणि त्या स्तंभावर काय कोरलंय ते सगळं वाचायचं. सोबत नववीतली भाची होती.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली, मेढा-केळघर घाटातून जाणारी. वाई-पाचगणीच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. मेढ्याकडून वळणं भरपूर, पण रस्ता मोकळा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि निघताना पोटभर खाऊ नये.

महाबळेश्वर स्टँडपासून पश्चिमेला साधारण पाच किलोमीटर चाल आहे. जांभ्या दगडाची लाल माती, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजन. सावली अशी दाट की साडेनऊलाही भाचीने स्वेटर काढला नव्हता. चढ फारसा नाही, लहान मुलंही आरामात चालतील. शेवटचा टप्पा मात्र जपून. डोंगराची सोंड अरुंद होत जाते आणि दोन्हीकडे खोल दरी आहे. वारा सुटला की टोपी हातात धरावी लागते.

टोकाजवळ तो स्तंभ उभा आहे, जवळजवळ पंचवीस फूट उंच. जनरल पीटर लॉडविकच्या मुलाने १८७४ मध्ये तो उभारला. इंग्रजी मजकूर आहे आणि वाचायला वेळ लागतो. काही अक्षरांत शेवाळ धरलंय. भाची बोटाने एकेक अक्षर चाचपत वाचत होती, मी वहीत उतरवून घेत होतो. १७९९ मध्ये लॉडविक ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो होता. इथे भाची थांबली. "म्हणजे हा पेशव्यांच्या विरुद्ध लढला?" हो, लढला. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. त्यानंतर सहा वर्षांनी, १८२४ मध्ये, साताऱ्याच्या छावणीतला हा अधिकारी या डोंगरावर चढून आला. इथे पाऊल ठेवणारा पहिला युरोपियन, असं दगडावर स्पष्ट लिहिलंय. वयाच्या नव्वदाव्या वर्षी, १८७३ मध्ये, तो फ्रान्समध्ये वारला.

पहिला युरोपियन. पहिला माणूस नव्हे. तुम्ही मुलांना घेऊन गेलात तर एवढा फरक नक्की सांगा. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी इथून जवळच्याच क्षेत्र महाबळेश्वरला जिजाऊंची सुवर्णतुला केली. समोर प्रतापगड दिसतो, आणि खाली कोयनेच्या खोऱ्यात पार गाव, जिथे १६५९ मध्ये अफझलखानाचा तळ पडला होता. जावळीच्या या रानातल्या वाटा इथल्या माणसांच्या पायाखालच्याच होत्या. लॉडविकने वेगळं काय केलं, तर इथली हवा प्रकृतीला मानवते हे त्याने चार लोकांना कळवलं. शिलालेखही त्याला त्याचंच श्रेय देतो. मला तेही मोठं काम वाटतं. वाट कितीही जुनी असो, कुणीतरी सांगितल्याशिवाय दुसरा तिच्यावर येत नाही.

पण त्या दगडासमोर उभं राहून मला जास्त आठवले ते साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज. साताऱ्यातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, ब्रिग्ज याच्या सांगण्यावरून साताऱ्याहून इथवर रस्ता त्यांनी बांधवून घेतला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम आला, आरोग्यधाम ठरलं, आणि नव्या वस्तीला माल्कमपेठ नाव मिळालं. १८३९ मध्ये त्याच कंपनीने महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. १८४७ मध्ये तिथेच ते गेले. या टोकावर त्यांचं नाव मला कुठे दिसलं नाही. आम्ही साताऱ्याची माणसं, त्यांच्याच रस्त्याने चढून आलो होतो, म्हणून ते लागलं. मी भाचीला सगळं सांगितलं आणि तिने वहीत लॉडविकच्या खाली त्यांचं नाव लिहिलं.

आणखी पुढे एलिफंट हेड. कड्याचा आकार खरंच हत्तीच्या मस्तकासारखा आहे. फोटोसाठी कठड्यापलीकडे उतरणारी दोन मुलं पाहिली, जीव वरखाली झाला. तसं करू नका, दगड भुसभुशीत आहे.

जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसात धुकं आणि जळवा, दिसत काही नाही. सकाळी दहाच्या आत पोचलात तर टोकावर शांतता मिळते. दुपारच्या उन्हात अक्षरं उमटत नाहीत, तिरप्या उन्हात नीट वाचता येतात. पाणी खालूनच भरून न्या, माणशी दीड लिटर तरी. खाण्याची पिशवी हातात ठेवू नका, माकडं थेट हिसकावतात, सॅकमध्ये चेन लावून ठेवा. बूट खाचा असलेले हवेत, वाळलेल्या पानांवर पाय सरकतो. वही-पेन्सिल न्या. आणि साताऱ्याची शेवटची एसटी कितीला आहे, हे सकाळी उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून ठेवा.