तूरडाळ, हरभराडाळ आणि घ-धची भानगड

मागच्या रविवारी नवऱ्याने मोठ्या हौसेने कुकर लावला आणि झाकण उघडल्यावर कळलं की साहेबांनी वरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवलीये. दोन्ही पिवळ्या, दोन्ही डाळी, डब्यावर नाव नाही, मग मला कसं कळणार, असं त्याचं म्हणणं. चाळिशीचा माणूस, जन्मभर वरणभात खाल्लेला, आणि हाच माणूस काही महिन्यांपूर्वी साडेचार वर्षांच्या लेकावर ओरडत होता की अरे हा घ आहे, ध नाही, दिसत नाही का तुला! (वरणाची त्या दिवशी पुरणपोळी झाली, म्हणजे मलाच करावी लागली, तो विषय वेगळा.)

तर झालं असं होतं की लेकाच्या वहीत लाल गोल यायला लागले. घचा ध, भचा म, ३ काढायला सांगितला की ६. वर एक शेरा पण, "निरीक्षण कमी आहे, घरी सराव घ्यावा". मी घाबरलेच. पहिलं काम म्हणजे डोळे तपासून आणले, ते मात्र बरोबर केलं असं अजूनही वाटतं, कारण या वयात एखादा डोळा कमी बघत असेल तर पोरं सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं. डोळे ठणठणीत निघाले. मग मी 'फरक ओळखा' छापाची दोन पुस्तकं आणली आणि रोज संध्याकाळी अर्धा तास आमच्याकडे रडारड सुरू झाली, आधी त्याची आणि नंतर माझी.

एका संध्याकाळी त्याने चप्पल उलटी घातली, डावी उजव्या पायात, रोजच घालतो, आणि मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच्या दृष्टीने दोन्ही चपला सारख्याच आहेत की! तोच रंग, तोच पट्टा, तेच कार्टून. आणि खरं सांगायचं तर जन्मल्यापासून त्याला जगाने हेच शिकवलंय. कपाचा कान डावीकडे असला तरी कप, उजवीकडे असला तरी कप. मांजर इकडे तोंड करून बसली काय नि तिकडे, मांजरच. वस्तू फिरली म्हणून बदलत नाही हे ओळखायला मेंदू तयार झालाय, आणि मग अचानक आपण त्याच्यासमोर इंग्रजीतले छोटे बी आणि डी (b, d) ठेवतो आणि म्हणतो की नाही नाही, इथे पोट कुठल्या बाजूला आहे त्यावरून नाव बदलतं. म्हणजे आतापर्यंत कामी आलेला नियम अक्षरांपुरता मोडायचा. सहा-सात वर्षांपर्यंत पोरं अशी उलटसुलट अक्षरं काढतात ते काही बावळटपणामुळे नाही, आणि नुसतं तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचं (म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचं) लेबल चिकटवायची पण घाई नको.

आपल्या देवनागरीची गंमत अजून निराळी. घ आणि ध शेजारी शेजारी लिहून नीट बघा. खालचा भाग जवळजवळ तोच. फरक फक्त डोक्यावर, घची शिरोरेघ सलग जाते आणि धची रेघ तुटलेली, तिथे छोटीशी गाठ. म आणि भचंही तेच, य आणि थचंही थोडंफार तेच. व आणि बमध्ये तर पोटात एक तिरकी काठी, बस्स. आपण मोठी माणसं अख्खा शब्द एका नजरेत उचलतो म्हणून आपल्याला हे दिसतच नाही, आणि लहान मुलाला मात्र कोणीच सांगितलेलं नसतं की बाबा रे, बघायचं ते इथे बघ, इतर ठिकाणी नाही. मी स्वतः किती वेळा नुसतं "नीट बघ, नीट बघ" म्हणत होते, पण कुठे बघ हे एकदाही सांगितलं नाही.

मग जरा वाचलं. इटलीतल्या बालशिक्षणवाल्या मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं, त्यांच्या साधनांमधला तो गुलाबी मनोरा बऱ्याच जणांनी बघितला असेल, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे. सगळे गुलाबीच का, तर मुलाचं लक्ष फक्त आकारमानाकडे जावं म्हणून, रंग बदलला की गोंधळ वाढतो. एका वेळी एकच फरक! आणि माझ्या त्या पुस्तकात एका पानावर रंग, आकार, दिशा, सगळं एकदम बदलत होतं. दुसरी त्यांची युक्ती म्हणजे लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणारे लहानमोठे दंडगोल, चुकीच्या खाचेत घातला की शेवटी एक उरतोच, म्हणजे चूक झाली हे बाईंनी सांगायला नको, वस्तूच सांगते.

हे वाचताना मी स्वयंपाकघरात बसले होते आणि समोर सासूबाईंचे एकात एक बसणारे स्टीलचे डबे. आता बोला! झाकण मोठं असेल तर डुगडुगतं, लहान असेल तर आत पडतं, कुणी लाल गोल काढायची गरजच नाही. सात डबे, सात झाकणं, जमिनीवर ओतून दिले, पहिल्या दिवशी नुसता आवाज, चौथ्या दिवशी तो झाकण हातात घेऊन आधी डब्याकडे बघायला लागला आणि मग लावायला लागला. ते "आधी बघणं" मला हवं होतं.

तसं आपल्याकडे हे सगळं आधीच झालेलं आहे. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या काय महागड्या साधनांवर नाही, खडे, शिंपले, पानं, बिया, जे आजूबाजूला मिळेल त्यावरच.

लेकाच्या आजींना मी फक्त एवढंच म्हटलं की आई, डाळी निवडायला याला घेऊन बसा. त्यांनी ताटात मूठभर तूरडाळ आणि मूठभर हरभराडाळ एकत्र केली (तीनच्या आतल्या पोरांना असलं काही देऊ नका, दाणा थेट नाकात जातो). पहिल्या दिवशी सगळं एकच. आजी म्हणाल्या, "बोटांत धर, कोणती जाड लागते?" मग त्याला कळलं की हरभऱ्याची मोठी आणि खडबडीत, तुरीची बारकी आणि गुळगुळीत. तीन-चार दिवसांनी हात न लावता ओळखायला लागला. मोज्यांच्या जोड्या लावायचं खातं पण आता त्याच्याकडेच आहे. पत्त्यांत तर त्याने स्वतःच शोध लावला की इस्पिक म्हणजे उलटा बदाम आणि खाली दांडी.

अक्षरं आम्ही महिनाभर बंदच ठेवली. मग आधी फक्त घ. घर, घड्याळ, घंटा, पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने रवा चिकटवून केलेला मोठा घ, त्यावरून बोट फिरवायचं. तो पक्का झाल्यावरच शेजारी ध आणला, आणि विचारलं, काय वेगळं आहे रे? बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "याची टोपी फाटलीये." आता आमच्याकडे ध, भ आणि थ हे तिघे फाटक्या टोपीवाले.

३ अजूनही ६ होतो कधीकधी. परवा वहीत परत लाल गोल आला, मी सही करून वही दप्तरात ठेवून दिली. चपला उलट्याच आहेत. पण त्या रविवारच्या कुकरबद्दल कळल्यावर त्याने बाबाला हाताला धरून डब्यांपाशी नेलं, दोन दाणे तळहातावर ठेवले आणि आजीच्या सुरात म्हणाला, "बोटांत धर."