वाचनालयातली दोन मिनिटं

"काका, जरा बाहेर जाऊन बोला की," ती पोरगी म्हणाली आणि अख्खी अभ्यासिका तिच्याकडंच बघायला लागली. स्पीकर लावून उसाच्या बिलाचं बोलणाऱ्या काकांकडं कुणीच नाही.

काका म्हणाले, "दोन मिनिटांचं तर काम आहे."

ते दोन मिनिटं मला फार लागलं. माण-खटावकडनं साताऱ्यात आलेली पोरं, एका खोलीत चार-चार जण राहतात, तिथं कसला अभ्यास होतोय, म्हणून सकाळीच डबा घेऊन इथं येऊन बसतात, एमपीएससी नाहीतर तलाठी भरतीचं करत. व्हायब्रेटवरचा फोनसुद्धा लाकडी टेबलावर घरघरला की सगळ्यांची लिंक तुटते.

भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलंय, पण ते बोलून दाखवायचं त्या पोरीनंच का? आपण मोठी माणसं बसलेलो असतो ना तिथं?