आमची वाटचाल: झाड देण्याआधी खिडकी विचारतो

सिंहगड रस्त्यावरच्या एका मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात हिरवी शेडनेट बांधून आम्ही दोघा नवरा-बायकोने नर्सरी सुरू केली. माल सोलापूर रस्त्यावरच्या सोरतापवाडी, उरुळी कांचन भागातून टेम्पोने यायचा. गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, तुळस हेच खपायचं. घरात ठेवायची झाडं एका फळीवर मावायची. पण आजूबाजूला सोसायट्या वाढल्या, आणि "आमच्याकडे ऊन येतच नाही हो" हे वाक्य रोज कानावर पडायला लागलं. मग ती फळी वाढवली. झाडं जात होती, गल्ला भरत होता, आम्ही खूश होतो.

एका सकाळी शेजारच्या सोसायटीतल्या काकू रिक्षातून कुंडी घेऊन आल्या. आमच्याकडूनच नेलेलं स्नेक प्लांट होतं. पानांची टोकं टणक, हिरवी. पण बुडाशी पिवळी पडून लिबलिबीत झालेली. "दादा, रोज न चुकता पाणी घालते मी. तरी असं का झालं?" मी कुंडी आडवी केली तर आधी पाणीच बाहेर आलं, आणि त्याबरोबर गटारासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल सोलून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. कुंडी चिनीमातीची, सुंदर, आणि तळाला भोक नाही. तीसुद्धा आम्हीच विकलेली.

काकूंनी काय चुकीचं केलं होतं? आंघोळ करून तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, हे त्या लहानपणापासून करत आल्या. तेच प्रेम त्यांनी या झाडाला दिलं. तुळस उन्हात असते, दिवसभरात पाणी पिऊन टाकते. स्नेक प्लांट मुळातच पश्चिम आफ्रिकेतलं, पाणी पानात साठवून ठेवणारं. हॉलच्या कोपऱ्यात त्याची माती आठ-आठ दिवस वाळत नाही. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि कुजतात. हे सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

बिनभोकाच्या कुंडीत झाड लावून देणं त्या आठवड्यातच बंद केलं. कुणाला चिनीमातीचीच कुंडी हवी असेल तर झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती आत बसवून देतो. पाणी घालताना आतली कुंडी मोरीत न्यायची, निथळू द्यायची, मग परत ठेवायची.

दुसरा बदल बायकोने केला. गिऱ्हाईक झाडाकडे बोट दाखवतं तेव्हा ती आधी विचारते, "खिडकी कुठल्या बाजूला आहे? पाणी कोण घालणार? घर किती दिवस बंद असतं?" सुरुवातीला काही जण वैतागले. आता लोक खिडकीचा फोटोच घेऊन येतात. पूर्वेची खिडकी बहुतेक झाडांना मानवते. पश्चिमेच्या बाल्कनीत मात्र एप्रिलच्या दुपारी मनीप्लांटची पानं करपतात. उजेड मोजायची सोपी खूण म्हणजे भर दुपारी दिवा न लावता त्या जागी पेपर वाचता आला पाहिजे. वाचता येत नसेल तर तिथे झाड ठेवू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. विक्री जाते, जाऊ दे.

पहिल्यांदाच झाड नेणाऱ्याला मी तीनच दाखवतो. मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड. सतत फिरतीवर असणाऱ्याला झेडझेड, कारण त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि पाणी त्यांत साठलेलं असतं. दोन-तीन आठवडे विसरलात तरी चालतं. ज्यांना रोज झाडाशी काहीतरी करावंसं वाटतं त्यांना मनीप्लांट द्यावा. पेराच्या जरा खाली कापून बाटलीत ठेवला की काही दिवसांत मुळं दिसतात, आणि मन रमतं. मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो असं लोक मानतात. आम्ही फांदी हसत देतो, पैसे घेत नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट आणि झेडझेड उंचावर ठेवायला सांगतो. पान चावलं तर तोंडाची आग होते.

पाण्याचा नियम एकच. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा. कोकोपीट, म्हणजे कुंडीतला नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात तर पाणी निम्म्यावर आणा. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

2020 च्या टाळेबंदीनंतर मागणी एकदम वाढली. तेव्हा आंध्रातल्या कडियमहून थेट माल मागवला. भर उन्हाळ्यात ट्रकमधून उतरलेली पीस लिली दुसऱ्याच दिवशी विकायला काढली आणि लोकांच्या घरी जाऊन ती माना टाकून बसली. सगळ्यांना बदलून दिली. तेव्हापासून बाहेरून आलेलं झाड निदान 15 दिवस आमच्या सावलीत राहिल्याशिवाय विकत नाही.

त्याच काळात "ऑक्सिजनवालं झाड द्या" अशी मागणी सुरू झाली, ती अजून आहे. झाडं हवा शुद्ध करतात हे सांगताना ज्याचा दाखला देतात तो नासाचा 1989 चा प्रयोग बंद पेटीतला होता; दारं-खिडक्या असलेल्या घराची हवा चार कुंड्यांनी शुद्ध होत नाही. हे सांगितल्यावर काही जण परत जातात. पण खोटं सांगून दिलेलं झाड पुढच्या महिन्यात कोपऱ्यात मरतं, आणि ते मला बघवत नाही.

काकूंच्या त्या झाडाचं एक टणक पान कापून, दोन दिवस वाळवून, मी वाळू मिसळलेल्या मातीत खोचलं होतं. कोंब यायला दोन महिने लागले. मूळ झाडाला पिवळी किनार होती, पानापासून आलेलं पिल्लू मात्र पूर्ण हिरवं निघालं. किनारीच्या जातीत असंच होतं, किनार हवी तर गड्डा फोडून लावावा लागतो. ते काकूंना नेऊन दिलं. दर मे महिन्यात गावी जाताना त्या ते आमच्याकडे ठेवायला आणतात. आता त्यांचं बघून सोसायटीतले बाकीचेही आणतात, म्हणून यंदा मागच्या भिंतीला सावलीत वेगळी फळी ठोकली आहे. कुंडीवर नाव आणि फ्लॅट नंबर लिहून आणा, ठेवायचे पैसे नाहीत.