आमच्या वर्गाचा पट

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा शाळेत जाऊन मी आधी जुनं दाखल-खारीज रजिस्टर मागितलं. पहिल्याच पानांत वडिलांचं नाव सापडलं. साल १९५०. निजामाची राजवट जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतूनच, त्यामुळे मारुतीच्या देवळात मराठी शाळा भरली याचंच गावाला अप्रूप. तरी मुलं मोजकीच होती. ज्यांच्या घरी गुरं राखायला दुसरं कोणी असेल, तेवढीच यायची. मुलगी एकही नाही. आणि शाळा देवळात, म्हणून गावातल्या काही वस्त्यांतल्या लेकरांना तिथं पाय ठेवता येत नव्हता, हेही या स्मरणिकेत नोंदलेलं असावं.

मी पहिलीत आलो १९७३ ला, बहात्तरच्या दुष्काळानंतर. तोवर शाळा जिल्हा परिषदेची झाली होती, दगडी खोल्या उठल्या होत्या आणि गुरुजी घरोघर फिरून नावं लिहून घेत होते. आमच्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख १ जून आहे, ती त्याच फेरीतली. पहिलीचा पट ७० च्या आसपास होता. खोलीत मावत नसू, म्हणून मागची पोरं ओसरीवर गोणपाट टाकून बसत आणि खिडकीतून फळा बघत. कितीतरी मुली धाकटं भावंडं कडेवर घेऊन येत. ती लेकरं पटावर नसत, पण वर्गात असत.

पाट्या तपासणं हा मोठा कार्यक्रम असे. गुरुजी खुर्चीत बसत आणि आम्ही पाट्या छातीशी धरून रांग लावत असू. घामानं अक्षरं पुसली जात. पुढच्या दोन रांगा होईपर्यंत घंटा व्हायची. उरलेल्या पाट्या चौथीतली मुलं तपासायची. पाढे मात्र आमचे पक्के झाले. पावकी, निमकी, दीडकी सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि ते पारापर्यंत ऐकू जायचं. त्या सुरात माझा एक मित्र नुसते ओठ हलवायचा. चौथीत गेला तरी त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती आणि ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. गुरुजी जीव तोडून शिकवत; पण एका माणसाची नजर ७० जणांवर कुठवर पुरणार? दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. त्यांतली काही मुलं उन्हाळ्यात परतली, पण शाळेत आली नाहीत. माझा तो मित्र त्यांतलाच.

आता माझी चुलतनात याच शाळेत तिसरीत आहे. वर्गात पाच लेकरं, त्यांत मुलगी ती एकटीच. तिसरी-चौथी एका खोलीत, जोडवर्ग. कोण कुठं अडखळतं, हे तिच्या बाईंना तोंडपाठ असतं. भागाकारात ती चुकली, तर बाई तिथंच शेजारी मांडी घालून बसतात. माझ्या मित्राच्या वाट्याला हे आलं असतं तर, असं दरवेळी मनात येतं.

पण बाईंना घोर आहे तो पटाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक ठरवला आणि ६० पर्यंतच्या शाळेला दोन दिले. आमच्या काळी हा नियम असता तर गावानं पेढे वाटले असते. तो आला तेव्हा मुलंच घटू लागली होती. घरटी एक-दोन लेकरं, तरुण जोडपी पुण्याला नाहीतर संभाजीनगरला, आणि उरलेल्यांसाठी सकाळी पाराजवळ उभी राहणारी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी. मैदान तेवढंच आहे, पण खो-खोचे दोन संघ होत नाहीत. नात म्हणते, "आबा, मी कोणासंग खेळू?" याचं उत्तर बाईंच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे.

माझ्या धाकट्या पुतण्याचा मुलगा येत्या जूनला सहा वर्षांचा होतोय. पिवळी गाडी की आपली शाळा, यावर घरात बोलणं चाललंय. सूनबाईंना मी एवढंच म्हटलंय, "गाडीची फी भरायच्या आधी एक दिवस तिसरीच्या वर्गात जाऊन बसा, अन् मग ठरवा." सोमवारी जाते म्हणाल्यात.