परसातल्या खुराड्यातून शेडमध्ये : आमची वाटचाल

आमच्या अंड्यांच्या धंद्याचं मूळ भांडवल म्हणजे आत्यांचं खुराडं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. परसात दगडमातीचं, वर कौलं टाकलेलं बुटकं खुराडं होतं. घरात खाऊन उरलेली अंडी भोरच्या बाजारात जायची. पुढे पुण्यातल्या पाहुण्यांनी मागायला सुरुवात केली, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी, आणि बघता बघता कात्रज-धनकवडीच्या सोसायट्यांत दर रविवारी ट्रे जाऊ लागले.

निव्वळ देशी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते आणि मध्येच खुडुक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. एवढ्यावर धंदा होत नाही. म्हणून ग्रामप्रियाच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, आणल्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ही जात परसात सोडली तरी दीडशेच्या पुढे अंडी देते. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगूनच विकतो. गावरान म्हणून काहीही खपवणं मला पटत नाही.

कोंबड्या वाढल्या तसं खुराडं पुरेना. बचत गटाचं कर्ज काढून शेड उभी केली. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे उन्हाची तिरीप थेट आत येत नाही. पश्चिमेची भिंत वरपर्यंत बंद, कारण आमच्याकडचा पाऊस तिकडूनच झोडपतो. मुंगूस शिरू नये म्हणून जाळी अर्ध्या इंचाची. बसायच्या दांड्या अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच लावल्या. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा धरते. खोकी उंच असली तर ती तिथेच झोपते आणि सकाळची अंडी घाणीत माखतात.

शेड झाली, पण खरं काम पुढेच होतं. कोंबडीला घर म्हणजे ती जिथं संध्याकाळी चढते ती जागा. ती पक्की डोक्यात बसलेली असते. आत्यांनी आधीच बजावलं होतं, "सुनबाई, दिसाला हात लावू नगंस. रातच्याला गुमान उचल." त्याप्रमाणे अंधार पडल्यावर गेलो. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती धडपडत नाही. पाय धरून उलटं लटकवायचं नाही, हा आत्यांचा कडक नियम. दोन्ही पंखांवरून हात घालून छातीशी धरायची. हाताखाली तिचं काळीज धडधडताना कळतं, मग हळूहळू ते शांत होतं. तशीच नेऊन नव्या दांडीवर टेकवायची. पायाला दांडी लागली की ती आपणहून पकड घेते. जुन्या लाकडाच्या फटीत गोचीड लपलेली असते, म्हणून खुराड्यातलं एकही लाकूड शेडमध्ये नेलं नाही. पाण्याची भांडी मात्र ओळखीची, जुनीच ठेवली. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस हलवण्याच्या बरीच आधी उरकली होती, कारण एकाच वेळी दोन ताण कोंबडीला झेपत नाहीत.

पहिले काही दिवस दार बंद. खोक्यांत तूस आणि एकेक खडूचं अंडं ठेवलं, म्हणजे कुठं बसायचं ते त्यांना कळतं. त्यानंतर सोडलं तेही दिवस मावळायच्या तासभर आधी, लांब जायला वेळच मिळू नये म्हणून. तरी काही जणी सरळ परसाकडे धावल्या आणि बंद खुराड्याच्या कौलांवर जाऊन बसल्या. त्यांना रोज अंधारात उचलून आणायचं, दांडीवर ठेवायचं. आत्या हे काम कुणाला करू देत नसत.

जागा बदलली की अंडी घटतात, हे माहीत होतं. त्यामुळे सगळ्या गिऱ्हाइकांना आधीच कळवलं की महिनाभर ट्रे निम्मेच येतील. बाहेरची अंडी आणून ट्रे भरायचा सल्लाही मिळाला, तो आम्ही ऐकला नाही. एक-दोन सोसायट्या तुटल्या, बाकीच्या थांबल्या. ज्या थांबल्या त्यांच्यावरच आज आमचा धंदा उभा आहे.

पावसाळ्यात शेडची खरी परीक्षा होते. खाली भाताचं तूस अंथरलेलं असतं. गिरणीतून ते मुबलक मिळतं. रोज मूठभर तूस हातात घेऊन दाबायचं. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल धरली. मग दाताळ्याने उलथायचं, चुना मिसळायचा, भांड्याखालचं ओलं काढून टाकायचं. याचा कंटाळा केला की आत गेल्यावर डोळे चुरचुरतात, आणि पाठोपाठ पिल्लांना रक्ती हगवण लागते. ढगाळ दिवसांत उजेड कमी पडून अंडी घटू नयेत म्हणून पहाटे दिवा लावतो, संध्याकाळी नाही. संध्याकाळचा दिवा अचानक विझला तर कोंबड्या दांडीखालीच अडकतात.

आता शेडशेजारी पिल्लांसाठी वेगळा चौथरा बांधायला घेतलाय. पावसाआधी पत्रे चढतील. नव्या तलंगा दांडीवर चढवायचं काम आत्यांनी आत्ताच स्वतःकडे घेऊन ठेवलंय.