लेमनमध्ये एकच एम का?

"मग लेमनमध्ये एकच एम का?"

ऐरोलीहून ठाण्याला येणारी लोकल. समोर एक आई मुलाकडून स्पेलिंग करून घेत होती, उद्या टेस्ट. दप्तरावर थाप मारत शब्द तोडायचा. डिन-नर (dinner): दोन एन, पहिला तुकडा एनवर बंद, म्हणून 'डि' आखूड. डाय-नर (diner): एकच एन, तो पुढच्या तुकड्यात गेला, पहिला उघडा राहिला, म्हणून 'डाय'. सपर-सुपरचंही (supper-super) तसंच. मी फोन ठेवून ऐकत बसले. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलंच नाही, नुसतं घोकून घेतलं.

तेवढ्यात पोराने लेमन काढलं. नियमाने ते 'लीमन' व्हायला हवं ना!

आईने वहीत पाहिलं. "ते टेस्टला नाहीये. पुढचा शब्द घे."

पोराचं काय चुकलं? लेमन, कॅबिन, सेव्हन, सगळीकडे मधे एकच व्यंजन, तरी स्वर आखूडच. नियम बऱ्याचदा चालतो, नेहमी नाही, एवढं सांगायला काय हरकत होती?

तुमच्याकडे पोरांनी असं अडवलं तर काय सांगता?